साठा दूर, चाक येथे: व्हर्च्युअल मशीनला डिस्क जोडण्याचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की फिरे ती शहराबाहेरच्या डोंगरांतून, मातीच्या भूमिगत नळांतून आलेल्या पाण्यावर. चाकाला डोंगर ठाऊक नव्हता. ठाऊक होती ती केवळ धार. मलिक अंबरच्या नहरींच्या या शहरात संगणकाच्या इतिहासातील एक पेच सहज उमगावा: साठा दूर असेल, तर नळ कोठवर न्यायचा आणि त्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ही कल्पना क्लाउडच्या फार आधीची. आयबीएमने १९६० च्या दशकात ती सिद्ध केली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. तेथे खऱ्या डिस्कचे भाग पाडून प्रत्येक पाहुण्या यंत्राला ‘मिनिडिस्क’ मिळे. पाहुण्याला ती संपूर्ण डिस्कच वाटे. मात्र एकाच मिनिडिस्कवर दोघांनी एकदम लिहिले, की फायलींची नासाडी ठरलेली. कारण कोणती जागा मोकळी आहे, याची वही ज्याची त्याच्याजवळ असे.

१९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने (पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे तिचे एक संस्थापक) एनएफएस आणले आणि ती वही सर्व्हरच्या हाती गेली. यंत्राने फाइल मागावी, सर्व्हरने द्यावी. एक फोल्डर अनेकांना वापरता येऊ लागला.

२००४ मध्ये प्रमाणित झालेल्या आयस्कझीची वाट नेमकी उलट. साध्या इथरनेटवरून फायली नव्हे, डिस्कचे कोरे ठोकळेच येऊ लागले. वही पुन्हा यंत्राकडे; अर्थात जुना धोकाही.

मग प्रश्न उरला तो नळाच्या टोकाचा. पाहुण्याने स्वतः साठ्याशी जोडून घेतले, तर सामाईक फोल्डरसाठी ते सोयीचे. पण यजमानाने घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये तो साठा येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते. यजमानाने जोडून पाहुण्याला आभासी डिस्क दिली, तर पाहुण्याला नेटवर्कचा पत्ताही लागत नाही. एकट्या यंत्राच्या डेटाबेससाठी बहुधा हीच वाट बरी.

२००३ मध्ये व्हीएमवेअरने चालते यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवून दाखवले, तेव्हा दोघांनाही एकच साठा दिसणे आवश्यक ठरले. त्यासाठी तिच्या व्हीएमएफएसमध्ये वहीलाच कुलूप होते: एका यजमानावर चालू असलेल्या यंत्राची डिस्क-फाइल त्याच वेळी दुसऱ्याला लिहिण्यासाठी उघडता येत नसे.