एका पत्रातली फातिमा

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यातले पहिले ऑक्टोबर १८५६ चे. आजारी असल्याने त्या माहेरी, नायगावला गेल्या होत्या आणि तिथून त्यांनी ते पुण्याला धाडले. त्यात फातिमाचा उल्लेख येतो. आपल्या माघारी तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा अर्थाचा.

फातिमा शेख होत्या की नव्हत्या, इथपर्यंत आज वाद पोचला आहे. मला हा छोटासा उल्लेख साऱ्या जयंत्या-भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. आजारी बाईला अंथरुणावरून मैत्रिणीची काळजी वाटते आहे. आणि ही फातिमा कोण, हे नवऱ्याला सांगावे लागत नाही, इतकी ती घरची आहे.

अशी मैत्री सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही. ती घरच्या कागदांत राहते. आपल्या दादी-नानींच्या पेट्यांतही जुनी पत्रे, फोटो असतात. घर बदलताना ते रद्दीत जातात. टाकण्यापूर्वी एकदा वाचून घ्या. एखाद्या मैत्रिणीचे नाव जगात तेवढ्या एकाच कागदावर उरलेले असेल.