घरात ट्रॅक लाइट बसवताय? आधी अर्थिंग पाहा

बुलढाणा : कापड दुकानात, सराफाच्या शोरूममध्ये दिसणारे ट्रॅक लाइट आता गावातल्या नव्या स्लॅबच्या घरांतही दिसू लागले आहेत. छताला एक लांब पट्टी, तिच्यात सरकवता येणारे तीन-चार दिवे, उजेड देवघरावर नाहीतर शोकेसवर. दिसायला छान आहे. पण साधा होल्डर आणि ही पट्टी यात मोठा फरक आहे, तो बसवणाऱ्यालाही कित्येकदा माहीत नसतो.

पट्टी अॅल्युमिनियमची असते आणि तिच्या खाचेत तांब्याच्या उघड्या तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. दिवा कुठेही अडकवता यावा म्हणून खाच पूर्ण लांबीभर उघडी ठेवलेली असते. म्हणजे २३० व्होल्टचा करंट धातूच्या पट्टीत, बोटभर अंतरावर. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही तारा असलेलीच पट्टी घ्यावी. धातूची पट्टी आणि आत दोनच तारा, असा स्वस्त माल परवडला तरी घेऊ नये. टोकाची टोपी हरवली असेल तर नवी आणावी, चिकटपट्टी चालत नाही. हे दिवे घराच्या आतले आहेत. पावसाची झड येते त्या ओसरीत किंवा गळक्या टिनाखाली ते लावू नयेत.

लोकांना भीती वाटते लोडची. ती खरी नाही. २० वॅटचे पाच एलईडी लावले तरी १०० वॅट, म्हणजे अर्धा अँपियरही नाही. धोका आहे तो पट्टीत करंट उतरण्याचा. इथे ‘एमसीबी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहतात, तीच चूक होते. ६ अँपियरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी, दहाव्या भागाहूनही कमी करंट पुरतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते, तीही ३० मिलीअँपियरची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा आहे. तिच्यावरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पडली नाही तर ती बदलावी.

आता अर्थिंग. गावात बऱ्याच घरी ते नावालाच असते. कुठे बोअरच्या केसिंगला तार गुंडाळलेली, तर कुठे बोर्डातच न्यूट्रलचा तुकडा अर्थिंगच्या पिनला जोडलेला. हा दुसरा प्रकार जीवघेणा आहे. खांबावर न्यूट्रल तुटला की ट्रॅकच काय, कुलर आणि फ्रीजच्या बॉडीतही फेज उतरतो. अर्थिंगसाठी साधारण अडीच मीटरचा जीआय पाइप, भिंतीपासून दीड मीटर लांब, कोळसा-मीठ भरून खड्ड्यात उभा करतात. घाटावर मुरूम आणि खडक लवकर लागतो, म्हणून खड्डा अर्ध्यावर सोडून देतात. घाटाखालच्या काळ्या जमिनीत खोदाई सोपी, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि माती पाइप सोडते. दोन्हीकडे मार्च ते जून खड्ड्यात पाणी टाकत राहावे. अर्थिंग लागते की नाही हे परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे.

खरा घोळ होतो इन्व्हर्टरपाशी. लाइट गेली की माणूस स्टूलवर चढून दिवा सरकवायला जातो. पण ती लाइन इन्व्हर्टरवर असेल तर पट्टी चालूच असते. नुसते बटण बंद करूनही भागत नाही. फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर दिवा विझतो, पट्टीत करंट राहतो. म्हणून मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावे, टेस्टर लावून पाहावे, पायात चप्पल आणि जमीन कोरडी असावी. इन्व्हर्टर जोडल्यावर आरसीसीबी सारखी पडते म्हणून काही जण ती काढूनच टाकतात. बहुतेक वेळा दोष आरसीसीबीचा नसतो, दोन लाइनचे न्यूट्रल एकत्र झालेले असतात. ते वेगळे करायला वायरमनला अर्धा दिवस लागेल, तो द्यावा.

कुणाला शॉक लागलाच तर हाताने ओढू नये. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावे. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला सारावे आणि १०८ ला फोन करावा. खांबावरच्या तारेचा किंवा न्यूट्रलचा बिघाड असेल तर महावितरणला १९१२ वर कळवता येते.