६७ एशिया

६७ एशिया हा लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या मुख्य पट्ट्यात आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना तो सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव एशिया; ६७ हा त्याचा अनुक्रमांक. पॉगसन त्याच वर्षी इंग्लंडहून मद्रासला आले होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेची आज जगभर वापरली जाणारी प्रत त्यांच्याच सूत्रावर उभी आहे. छायाचित्रांच्या साहाय्याने लघुग्रह शोधण्याची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. दुर्बिणीला डोळा लावून आकाशाचा एखादा तुकडा नकाशाशी ताडून पाहायचा आणि एखादा ठिपका रात्रीगणिक सरकतो का, याचा माग काढायचा, एवढाच मार्ग होता. मद्रासच्या दमट हवेत हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना वाचकाने जरूर करावी.

एशियाचा व्यास सुमारे ६० किलोमीटर. सूर्यापासूनचे त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे २.४ पट आहे; कक्षा बरीच लांबट असल्याने ते सुमारे २ ते २.९ पटींदरम्यान बदलते. एका प्रदक्षिणेला त्याला जवळपास पावणेचार वर्षे लागतात, म्हणजे मंगळाच्या दुप्पट.

याच वेधशाळेत पॉगसन यांच्याबरोबर काम करणारे चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. मद्रासच्या या वेधशाळेविषयी लिहिताना त्यांचे नाव गाळले जाऊ नये, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे. (संपा.)