कारागृह शिपाई भरती (महाराष्ट्र)

कारागृह शिपाई भरती ही महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागाच्या अखत्यारीतील कारागृह विभागातील शिपाई पदांसाठी घेतली जाणारी निवडप्रक्रिया आहे. अलीकडे ती राज्याच्या पोलीस भरतीसोबतच राबवली जाते. २०२४ च्या भरतीतील एकूण १७,४७१ पदांपैकी १,८०० पदे कारागृह शिपायांची होती.

पात्रता

उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा लागतो. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा १८ ते २८ वर्षे असून मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत मिळते. किमान उंची पुरुषांसाठी १६५ सेंमी, तर महिलांसाठी १५५ सेंमी आहे. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंमी असावी आणि फुगवल्यावर ती किमान ५ सेंमीने वाढावी लागते.

निवडीचे टप्पे

प्रथम ५० गुणांची शारीरिक चाचणी होते. तीत धावण्याला २०, शंभर मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. पुरुष १६०० मीटर, तर महिला ८०० मीटर धावतात. पूर्ण २० गुणांसाठी पुरुषांना हे अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत, महिलांना २ मिनिटे ५० सेकंदांत कापावे लागते. त्यामुळे तयारीचा मोठा काळ मैदानावरच जातो. चाचणीत किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून प्रवर्गनिहाय एका पदामागे दहा उमेदवार लेखी परीक्षेसाठी निवडले जातात.

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची व मराठीतून असते. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी हे तिचे विषय. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. उत्तीर्णतेसाठी किमान ४० टक्के गुण लागतात. अंतिम यादी दोन्ही चाचण्यांच्या एकत्रित गुणांवर लागते. कागदपत्रांच्या पडताळणीत जातीचे किंवा नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र विहित मुदतीतील नसल्यास चांगले गुण असूनही आरक्षणाचा लाभ हुकू शकतो.

परीक्षा आणि प्रत्यक्ष काम

अभ्यासक्रम पोलीस शिपायाचाच असला तरी काम बरेच वेगळे आहे. येथे गुन्ह्याचा तपास नसतो. बंद्यांची मोजदाद, झडती, बराकींवरील पहारा आणि मुलाखतींवरील देखरेख ही नित्याची कामे होत. कारागृह नियमावलीचा विषय मात्र लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे येत नाही; तिची ओळख बहुधा निवडीनंतरच्या प्रशिक्षणातच होते. विभागाचे प्रशिक्षण महाविद्यालय, दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय, पुण्यात येरवडा येथे आहे. बढतीने शिपाई हवालदार व पुढे सुभेदार होऊ शकतो.