निळ्या गोळीवरचं साखरेचं कव्हर

शाळेत आठवड्यातून एकदा दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना लोहाची निळी गोळी देतात. गरोदर बाईला आशाताई देतात ती लाल, आणि ५ ते ९ वर्षांच्या पोरांची गुलाबी. या गोळ्यांचा विषय निघाला की चर्चा 'किती वाटल्या' इथेच थांबते. मला बोलायचंय ते गोळीच्या वरच्या थराबद्दल. पोस्ट लांबलीय, पण वाचा.

लोहाची गोळी हे मुळातच अवघड प्रकरण. १८३२ साली पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टरांनी हिराकस आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र करून गोळ्या केल्या. त्या काळी युरोपात वयात येणाऱ्या मुली फिकट, हिरवट दिसू लागायच्या, दोन जिने चढले की धापा टाकायच्या. ब्लोंच्या गोळ्यांनी त्या सुधारल्या. अडचण एकच, हवा लागली की आतलं लोह गंजायचं. गोळी तपकिरी व्हायची, टणक व्हायची. चव म्हणाल तर जिभेवर गंजका खिळा ठेवल्यासारखी! म्हणजे वरून काहीतरी चढवणं भागच होतं, औषध टिकावं म्हणूनही आणि गिळलं जावं म्हणूनही.

हे चढवायचं तंत्र आलं मिठाईवाल्यांकडून. आपल्याकडे संक्रांतीचा हलवा कसा करतात ते आठवा. मंद आचेवर परात, त्यात तीळ किंवा खसखस, वरून चमचा-चमचा पाक आणि हाताने सतत हलवणं. कारखान्यात परातीच्या जागी फिरतं तांब्याचं भांडं आलं, एवढाच काय तो फरक. फिलाडेल्फियाच्या विल्यम वॉर्नर यांनी १८५६ पासून साखरेच्या कव्हरच्या गोळ्या बनवायला घेतल्या. हलव्याला काटा यावा म्हणून आपण धडपडतो, गोळीवाल्याला मात्र एकही काटा नको असतो. आधी ओल आत जाऊ नये म्हणून लाखेचा हात, मग डिंक-साखर-खडूचे थर, मग रंग, शेवटी मेणाची चकाकी. या सगळ्यात दिवसच्या दिवस जायचे आणि गोळीचं वजन दीडपट, कधी दुप्पट व्हायचं.

याच कव्हरने एक मोठा वादही मिटवला, आणि हा किस्सा मला फार आवडतो. बुंगे नावाच्या नामवंत शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की औषधातलं लोह अंगी लागतच नाही. ते फक्त आतड्यातल्या गंधकयुक्त वायूला अडकवून ठेवतं, आणि त्यामुळे अन्नातलं लोह वाचतं. एडिंबराच्या राल्फ स्टॉकमन यांनी १८९३ साली याची परीक्षा घेतली. काही रुग्णांना त्यांनी लोह थेट कातडीखाली टोचलं. काहींना आधीच गंधकाशी जोडलेलं लोह दिलं, म्हणजे ते आणखी गंधक धरणारच नाही. पण हे लोह जठरातच फुटलं तर प्रयोग फसणार. म्हणून कॅप्सूलवर केराटिनचं कव्हर. केराटिन म्हणजे शिंगा-नखांमधलं प्रथिन. ते जठरात विरघळत नाही, हे ओळखून हॅम्बुर्गच्या उना यांनी १८८४ मध्ये त्याचा वापर सुरू केला होता. स्टॉकमन यांचे दोन्ही गट सुधारले आणि बुंगेंचं म्हणणं पडलं.

आता आपल्या गोळीतला दुसरा घटक, फॉलिक ॲसिड. त्याची गोष्ट तर थेट मुंबईची. १९२८ साली ल्युसी विल्स मुंबईत आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासायला. यातला एक प्रकार लोहाने बरा होत नव्हता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे १९४० च्या दशकात उलगडलं.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ॲबट कंपनीने फिल्म कोटिंगची गोळी बाजारात आणली. साखरेऐवजी सेल्युलोजसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा. वजन दोन-तीन टक्केच वाढतं, काम काही तासांत उरकतं. सुरुवातीला यासाठी ज्वालाग्राही आणि विषारी द्रावणं लागायची. पुढे पाण्यातलं कोटिंग आलं. आज मेडिकलमधल्या बहुतेक कोटेड गोळ्या फिल्मच्याच. 'ॲनिमिया मुक्त भारत'च्या २०१८ च्या निकषांत मात्र निळी, लाल, गुलाबी तिन्ही 'शुगर कोटेड'च आहेत. चव झाकायला साखरेसारखं काही नाही, हे मान्य. पण हे कव्हर जाड आणि ठिसूळ, ओल लागली की चिकट. कोकणातल्या जुलैत गोदामाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या खोक्याचं काय होत असेल?

काही जण सुचवतात, पोटात मळमळ नको म्हणून जठरात न विरघळणारं कव्हर द्या. लोहाच्या बाबतीत मला हे पटत नाही. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीलाच शोषलं जातं. कव्हर उशिरा उघडलं तर गोळी ते ठिकाण ओलांडून पुढे गेलेली असते. स्टॉकमन यांचं काम भागलं, पण लाखो मुलींना तेच देणं हा तोट्याचा व्यवहार.

रंगाचंही तसंच. निळा निवडला तो गरोदर बायकांच्या लाल गोळीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. कुठल्याही गावात याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. पण रंगीत, गोड गोळी लहान पोराला चॉकलेट वाटते. अमेरिकेत लोहाच्या गोळ्या खाऊन इतकी बालकं दगावली, की १९९७ मध्ये तिथे पाकिटावर इशारा सक्तीचा झाला. आपल्याकडे ही पाकिटं घरात फडताळावर उघडीच असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात १८० दिवस किंवा जास्त गोळ्या घेतलेल्या गरोदर बायका निघाल्या फक्त २६ टक्के. बाकीच्यांनी का सोडल्या याची कारणं पुष्कळ आहेत. मळमळ, काळी शौच, सासूचं मत. पण तडकलेल्या, तोंडात टाकताच गंज लागणाऱ्या गोळीचा यात वाटा नसेलच, असं मी मानणार नाही.

म्हणून शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताईंना विनंती. पट्टी फाडण्याआधी गोळ्या बघा. कव्हर तडकलंय, रंग पट्टीला चिकटलाय, तपकिरी ठिपके दिसतायत, तर ती पट्टी वाटू नका. बॅच नंबर लिहून घ्या आणि आरोग्य केंद्रात परत द्या, पोच घेऊन.