मेघदूतांतील एक आदरार्थी टोला

आषाढ लागला कीं सुशिक्षित घरांत ज्या काव्याची हटकून आठवण निघते, त्या मेघदूतांत एका विद्वत्कलहाचा पुरावा दडलेला आहे, असें जुने टीकाकार सांगत आले. यक्ष मेघाला म्हणतो कीं, ओल्या वेतांच्या या जागेवरून उत्तरेकडे उड्डाण कर आणि वाटेंत दिग्गजांच्या स्थूल सोंडांचे तडाखे चुकव. अर्थ सरळ आहे. परंतु संस्कृतांत वेताला 'निचुल' म्हणतात, दिग्गजाला 'दिङ्नाग', आणि सोंडेला 'हस्त'. दक्षिणावर्तनाथ व मल्लिनाथ यांना एवढें पुरलें. निचुल हा कालिदासाचा रसिक मित्र. दिङ्नाग हा हातवारे करकरून त्याच्या काव्यांतील दोष दाखविणारा प्रतिस्पर्धी आचार्य. तेव्हां यक्षाच्या मिषानें कवि आपल्या काव्यालाच सांगत आहे कीं, त्या पंडिताचे जाडे हात चुकवून वर चढ!

खरी गंमत पुढेंच आहे. श्लोकांत दिङ्नाग अनेक आहेत. मग तो शब्द एका माणसाला कसा लागावा? मल्लिनाथ उत्तर देतो, तें आदरार्थी बहुवचन! टोला हाणावयाचा, तोहि 'अहो-जाहो' करून. महाराष्ट्रांतील विद्वत्सभांतून वावरलेल्यांस ही रीत निराळी शिकवावी लागणार नाहीं.

विनोद येथेंच थांबता तर बरें होतें. परंतु दिङ्नाग म्हणजे प्रसिद्ध बौद्ध नैयायिक, असें धरून या कोटीवर कालनिर्णयाचा भार टाकण्यांत आला, आणि माक्स मुल्लर यांनीं १८८३ सालीं कालिदासाला सहाव्या शतकांत ओढलें. पुढें मंदसोरचा वत्सभट्टिकृत शिलालेख प्रसिद्ध झाला. तो इ. स. ४७३ चा, आणि त्यांत कालिदासाच्या श्लोकांची छाया स्पष्ट दिसते. सहावें शतक अर्थातच टिकलें नाहीं. शिवाय काश्मीरचा वल्लभदेव हा मल्लिनाथाहून कितीतरी जुना टीकाकार. त्याला या कोटीची वार्ताहि नाहीं. हें वैर कालिदासाचें नसून मागाहून आलेल्या पंडितांचें असावें. स्वतःच्या सभांतील हेवेदावे त्यांनीं बिचाऱ्या यक्षाच्या तोंडीं घातले.

मेघदूताच्या नशिबीं असाच आणखी एक प्रसंग आहे. जैन आचार्य जिनसेन यांचें 'पार्श्वाभ्युदय' हें नवव्या शतकांतील काव्य. त्यावरील टीकेंत कथा येते ती अशी: राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या सभेंत कालिदासानें मेघदूत मोठ्या गर्वानें म्हणून दाखविलें. जिनसेन शांतपणें म्हणाले, काव्य गोड आहे, कारण तें एका जुन्या ग्रंथांतून चोरलेलें आहे. ग्रंथ दाखवा म्हणतांच त्यांनीं आठ दिवसांची मुदत मागितली, तेवढ्यांत मेघदूताचा चरणन्‌चरण गुंफून नवें काव्य रचलें आणि तोच 'जुना ग्रंथ' म्हणून वाचला. कालिदास अमोघवर्षाच्या आधीं चारशें वर्षें होऊन गेला होता, ही अडचण कथाकाराला भासली नाहीं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील प्रा. काशिनाथ बापूजी पाठक यांनीं १८९४ सालीं मेघदूताची आवृत्ति काढली, ती याच पार्श्वाभ्युदयाच्या आधारें. मल्लिनाथाहून शतकानुशतकें जुना असा मेघदूताचा पाठ, १२० श्लोकांचा, जिनसेनांनीं त्यांत जसाच्या तसा जपून ठेवला होता.