किल्ली आणि कुलूप

मनुष्यास खरे ज्ञान होते ते त्याने स्वतः घडविलेल्या वस्तूचे. सृष्टीचे ज्ञान तिच्या कर्त्यासच, असे नेपल्सचा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक जांबात्तिस्ता व्हिको याने १७१० मध्ये प्रतिपादिले. देकार्तने भारलेल्या त्या युगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे १९७४ मध्ये एर्न्स्ट फॉन ग्लासर्सफेल्ड याने पियाजेच्या बालमानसशास्त्राची जोड देऊन तोच धागा उचलला व आपल्या मतास ‘मूलगामी रचनावाद’ असे नाव दिले. किल्लीने कुलूप उघडते, एवढ्यावरून कुलुपाचे अंतरंग कळत नाही. निराळ्या घडणीच्या किल्लीनेही ते उघडेल. विज्ञानाचे सिद्धान्त त्याच्या मते अशाच किल्ल्या होत. येथे कोणास आपल्याकडील दृष्टिसृष्टिवाद आठवेल. परंतु हा पंडित बाह्य जगत् नाकारीत नाही, केवळ त्याच्या स्वरूपाविषयी मौन धरतो.

जॉर्जिया विद्यापीठात मुलांच्या गणनेचा अभ्यास करताना त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मुलाचे उत्तर चूक ठरवून न थांबता ते कोणत्या रचनेतून आले याचा शोध घेतला. मात्र मुलाच्या मनाचे ते चित्रही संशोधकानेच रचिलेले, हे तो मान्य करी. मग दोन चित्रांत निवाडा कसा करावयाचा? जे कार्यास येईल ते ग्राह्य, हे त्याचे उत्तर. समाजसंशोधनात मला ते अपुरे वाटते. कार्य कोणाचे, हे तेथे आधी विचारावे लागते.